गजबजलेल्या भागातलं मध्यम दर्जाचं चेन हॉटेल: ब्रँडपेक्षा खोलीचा नंबर बघा

मध्यम दर्जाच्या चेन हॉटेलात काय मिळणार हे दार उघडायच्या आधीच ठाऊक असतं. पांढऱ्या चादरीचा पलंग, भिंतीवरचा टीव्ही, किटली, काचेच्या आडोशाचा शॉवर, बऱ्यापैकी वाय-फाय. बहुतेक वेळा ते मिळतंही, आणि त्याचे पूर्ण गुण या हॉटेलांना द्यायलाच हवेत. पण हॉटेल शहराच्या ऐन मध्यावर असेल, तर रात्र शांत झोपेत जाणार की कूस बदलण्यात, हे ब्रँडवर फारसं अवलंबून नसतं. इमारत कधीची आहे आणि तिच्यातली कुठली खोली वाट्याला आली, यावर ते ठरतं. एकाच पाटीखाली, एकाच दरात, एकाच मजल्यावरच्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे इथे कुठल्या एका हॉटेलाऐवजी या सगळ्या प्रकाराचंच परीक्षण केलं आहे.

सगळीकडे सारखं मिळेल, ही हमीच या धंद्याचा पाया आहे. केमन्स विल्सन यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन काढलं. त्या काळी रस्त्याकडेच्या मोटेलांत दर्जाचा नेम नसे आणि मुलांचे वेगळे पैसे लावत, त्याला कंटाळून. पुढे फ्रान्समध्ये १९६७ मध्ये लीलजवळ पहिलं नोव्होटेल आणि १९७४ मध्ये बोर्दोला पहिलं आयबिस आलं. मॅरियटचं कोर्टयार्ड १९८३ चं, हॅम्प्टन १९८४ चं. हमी तीच राहिली, पण मालकी बदलली. आज अशा बऱ्याच हॉटेलांची इमारत ब्रँडच्या मालकीची नसते. मालक वेगळा, पाटी फ्रँचाइझीने (म्हणजे नाव वापरायचे पैसे भरून) घेतलेली, आणि कित्येकदा कर्मचारी तिसऱ्याच चालक कंपनीचे. गादी कशी असावी, उशा किती, टॉवेल किती, साबण कुठला, हे ब्रँड ठरवतो आणि तपासणीला माणसं पाठवतो. भिंती, पाइप, लिफ्ट आणि खिडक्या मात्र मालकाच्या. जुन्या ऑफिसच्या इमारतीचं हॉटेल केलं असेल तर कार्पेट नवं कोरं असतं आणि भिंत जशी होती तशीच.

म्हणून बुकिंगच्या आधी तारांकन पाहण्यापेक्षा दोन सालं शोधा: हॉटेल कधी सुरू झालं आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं. साधारणपणे पाच-सात वर्षांनी कार्पेट, पडदे, रंग, फर्निचर बदलतात. बाथरूम, पाइप आणि एसीची यंत्रणा बदलायला मात्र दहा-पंधरा वर्षं जातात, कधी त्याहूनही जास्त. ‘नुकतंच नूतनीकरण केलेलं’ असं लिहिलेलं दिसलं तर फोन करून एकच प्रश्न विचारा, ‘बाथरूमही नवीन केलीत का?’ उत्तर नाही आलं तर काम वरवरचं आहे असं समजा. इमारत मुळात हॉटेल म्हणूनच बांधलेली असेल तर ती उजवी. दोन खोल्यांमधली भिंत तिथे आवाजाचा विचार करून घातलेली असण्याची शक्यता बरीच जास्त असते.

मध्यवस्तीत खोलीचा आकार साधारण १४ ते २२ चौरस मीटर, म्हणजे १५० ते २३५ चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा एकदम उघड्या ठेवायच्या असतील तर १८ चौरस मीटरच्या खाली जाऊ नका, पलंगावरून उड्या मारत बाथरूम गाठावी लागते. डबल बेडची रुंदी कुठे १४० सेंटिमीटर, कुठे १६०, कुठे १८०. दोघांना १४० सेंटिमीटर म्हणजे माणशी ७० सेंटिमीटर, इतकी जागा लहान मुलाच्या कॉटला असते. त्यामुळे ‘डबल’ या शब्दावर विसंबू नका, रुंदी विचारा. ‘सुपीरिअर’ नावाची खोली अनेकदा ‘स्टँडर्ड’एवढीच असते, फक्त वरच्या मजल्यावर किंवा कॉफी मशिनसकट. चौरस मीटरचा आकडा वाढत नसेल तर जादा पैसे देऊ नका.

आता आवाज. या वर्गातली सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, आणि मधूनच होणारा मोठा आवाज ४५ च्या आत. वाहत्या रस्त्यावर बाहेर रात्रीसुद्धा ६० ते ७० डेसिबल सहज असतात. म्हणजे खिडकीने निदान ३० ते ४० अडवायला हवेत. साधी दुहेरी काच जेमतेम ३० अडवते, आणि दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असतील तर ठरावीक पट्टीतले आवाज त्यातूनही आत येतात. दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या किंवा लॅमिनेटेड (मधे प्लॅस्टिकचा थर घालून चिकटवलेल्या) असतील तर हाच आकडा ३५ ते ४० पर्यंत जातो. जागेवर उभ्या बसची घरघर आणि खालच्या पबमधला बेस यांच्यापुढे मात्र चांगली काचही कमी पडते, कारण खालच्या पट्टीचा आवाज अडवायला वजन लागतं आणि काच शेवटी पातळच.

काचेइतकंच महत्त्व तिच्या कडेच्या रबराला आहे. खोलीत गेल्यावर खिडकी नीट बंद करा आणि चौकटीच्या चारही बाजूंनी तळहात सावकाश फिरवा. कुठे बारीकशी झुळूक लागली तर आवाजही तिथूनच येणार. रबर वाळून आखडलं की बहुधा कोपऱ्यात फट पडते. कधीकधी दोष नुसता हँडलचा असतो, ते शेवटपर्यंत फिरत नाही आणि खिडकी बंद दिसूनही दाबून बसत नाही. हँडल जोर लावून शेवटपर्यंत फिरवल्यावर रस्ता एकदम दूर गेल्यासारखा वाटला, तर खोली बदलायची गरज नाही.

‘वरचा मजला द्या, शांत असतो’ हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे. रस्त्यावरची वाहतूक म्हणजे आवाजाची एक लांब रेघ, आणि रेघेपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो. रस्त्यापासून १० मीटर उंचीची खोली सोडून २० मीटर उंचीवर गेलात तर फायदा एवढाच, आणि समोर उंच इमारत असेल तर तिच्यावर आपटून आवाज वर येतो तो वेगळाच. फुटपाथवरची बोलणी, दुकानांची शटर, बॅगांच्या चाकांचा खडखडाट एवढं मात्र वर जाल तसं विरतं. खरा फरक पडतो बाजू बदलल्याने. इमारतच मधे आली की १० ते २० डेसिबल सहज कमी होतात. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली नवव्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीपेक्षा केव्हाही चांगली.

मागच्या बाजूलाही डोळे झाकून हो म्हणू नका. किचनचा एक्झॉस्ट, एसीची बाहेरची युनिटं आणि मालाच्या गाड्यांचं दार बहुतेक ठिकाणी तिथेच असतं. एक्झॉस्ट रात्री किचनबरोबर बंद होतो, पण कचऱ्याची गाडी पहाटे येते आणि काचेच्या बाटल्या ओतल्याचा आवाज कुठल्याही वाहतुकीपेक्षा वाईट. नकाशाच्या उपग्रहचित्रात हॉटेलची मागची बाजू पाहून घ्या. मोठे पंखे, पत्र्याची छपरं आणि गाड्या वळवायची जागा वरून स्पष्ट दिसते. ती दिसली तर मागचीच खोली घ्या, पण चौथ्या-पाचव्या मजल्याच्या वरची.

इमारतीच्या आतले आवाजही मोजायला हवेत. लिफ्टला चिकटून असलेली खोली, सर्व्हिस लिफ्टशेजारची खोली (हाउसकीपिंगच्या ट्रॉल्या सकाळी सातपासून तिथूनच निघतात), बर्फाच्या मशिनजवळची, जिमखालची, बँक्वेट हॉलवरची, या सगळ्या टाळा. अगदी वरच्या मजल्यावर लिफ्टची मोटर किंवा टेरेसवरचा बार डोक्यावर नाही ना, तेही विचारा. आणि सगळ्यात न चुकता टाळायची ती मधलं दार असलेली खोली. कुटुंबांसाठी दोन खोल्या जोडायला ठेवलेलं ते दार कुलूपबंद असलं तरी भिंतीच्या मानाने पातळच. शेजाऱ्याचं फोनवरचं बोलणं शब्दन्‌ शब्द ऐकू येतं. पलंग त्याच बाजूला असेल तर खोली बदलून मागण्यात काहीच गैर नाही.

कॉरिडॉरकडचं दार हा शेवटचा मुद्दा. आगीच्या नियमांमुळे ते आपोआप बंद होणारं असतं, आणि वरच्या क्लोजरचा (दार ओढून बंद करणाऱ्या यंत्राचा) वेग बिघडला की प्रत्येक ये-जा करणाऱ्याबरोबर धाडकन आपटतं. ते एका स्क्रूचं काम आहे, रिसेप्शनला सांगितलं तर देखभालीचा माणूस पाच मिनिटांत करून जातो. खोलीतले दिवे बंद करून दाराच्या खाली पाहा. उजेडाची ठळक रेघ दिसली तर तिथून आवाजही येणार. मोठा टॉवेल गुंडाळून फटीला घट्ट लावला की बराच फरक पडतो.

हे सगळं मागायचं कसं? नुसतं ‘शांत खोली द्या’ म्हणून उपयोग नाही, कारण ते प्रत्येकच पाहुणा म्हणतो. नेमकं सांगा: ‘रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, लिफ्टपासून लांब, मधलं दार नसलेली, वर-खाली हॉल किंवा जिम नसलेली.’ खोल्यांचं वाटप बहुधा आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी होतं, म्हणून आदल्या दिवशी दुपारी थेट हॉटेलला फोन करा, ब्रँडच्या कॉल सेंटरला नको. सकाळी ११ ते १ हा चेक-आउटचा गर्दीचा वेळ, तेव्हा तुमचं म्हणणं कुणी नीट लिहून घेणार नाही. बुकिंग साइटवरच्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीत लिहिलेलं पोचतंही, पण फोनवर घेतलेली नोंद जास्त पक्की.

खोलीत शिरल्यावर बॅग उघडण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या, कारण या वेळात खोली बदलून मिळणं सगळ्यात सोपं. पलंगावर बसलात, बाथरूम वापरली की हाउसकीपिंगला ती खोली पुन्हा तयार करावी लागते, म्हणजे एका माणसाचा अर्धा तास. या वर्गात एकेकाला एका पाळीत साधारण १२ ते १६ खोल्या उरकायच्या असतात, तेव्हा हा अर्धा तास कुणाकडेच नसतो. याच घाईमुळे चादरी, टॉवेल आणि फरशी चकचकीत असतात, पण रिमोट, फोन, किटलीचं झाकण आणि एसीची जाळी सुटते. पलंगाच्या पायाकडचा शोभेचा पट्टा आणि रंगीत उशा दर पाहुण्यामागे धुतल्या जात नाहीत. त्या सरळ कपाटात टाका. किटलीत एकदा पाणी उकळून ओतून द्या.

ढेकणांची तपासणी लाजून सोडू नका, ते महागड्या हॉटेलांतही असतात, कारण ते पाहुण्यांच्या बॅगांतूनच येतात. बॅग तोवर बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवा. डोक्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांतली चादर उचला आणि मोबाइलच्या टॉर्चने गादीची शिवण पाहा. शाईचा ठिपका कापडात पसरावा तसे काळपट डाग शोधायचे. मग हेडबोर्ड आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पाहा. मोठा ढेकूण सुमारे ५ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. काही सापडलं तर फोटो काढा आणि दुसरी खोली मागताना शेजारची, वरची किंवा खालची नको असं सांगा, कारण ढेकूण पाइप आणि वायरिंगच्या वाटेने तिथवर गेलेले असू शकतात.

एसीबद्दल थोडं समजून घेतलं तर बराच मनस्ताप वाचतो. बऱ्याच इमारतींत खोलीच्या छतात पंख्याचं युनिट असतं आणि गार किंवा गरम पाणी तळघरातून किंवा गच्चीवरून येतं. दोनच पाइपांची यंत्रणा असेल तर एका वेळी सगळ्या इमारतीला एक तर गार मिळतं, नाही तर गरम. ऋतू बदलताना थर्मोस्टॅट १८ वर ठेवूनही खोली गार होत नाही त्याचं कारण हे, आणि खोली बदलून काही फायदा नसतो, पंखा मागा. नुसता वारा येत असेल तर आधी खिडकी पाहा. अनेक ठिकाणी खिडकीला सेन्सर असतो आणि ती जराशी उघडी राहिली की कूलिंग बंद होतं. थेंब गळत असतील किंवा ओलसर वास येत असेल तर खालच्या ट्रेची नळी तुंबली आहे. हे रात्री दुरुस्त होत नाही, खोलीच बदला. आणि रात्री दोनला एसी आपोआप बंद पडत असेल तर हालचाल ओळखणारा सेन्सर पाहुणा नाही असं धरून चालला आहे. तो काढता येतो का, हे रिसेप्शनला विचारा.

बाथरूममध्ये दोन गोष्टी. अर्ध्या काचेचा शॉवर असेल तर फरशीचा उतार पाहा, मगभर पाणी ओतलं की कळतं. पाणी दाराकडे पळालं तर आंघोळीनंतर सगळी बाथरूम ओली होणार, तेव्हा पायपुसणं काचेच्या शेवटाला आडवं टाका. दुसरं, पाणी कोमटच येतंय म्हणून तक्रार करण्याआधी नळाच्या मुठीवरचं छोटं बटण शोधा. थर्मोस्टॅटच्या नळांत ३८ अंशांवर अडकण असते, बटण दाबून धरलं तरच मूठ पुढे जाते. उंच इमारतीत गरम पाणी यायला मिनिट-दोन मिनिटं लागणं साहजिक आहे. पाच मिनिटांनीही आलं नाही तर मात्र बिघाड आहे.

की-कार्ड चालेनासं झालं की लोक मोबाइलला दोष देतात. चुंबकीय पट्टीच्या जुन्या कार्डांबाबत ते ठीक, पण आताची बरीच कार्डं टेकवून चालणारी आहेत आणि त्यांना मोबाइलने काही होत नाही. खरी कारणं दोन. बऱ्याच हॉटेलांत दारावरचं कुलूप कुठल्याच नेटवर्कला जोडलेलं नसतं, तारीख कार्डावरच लिहिलेली असते. मुक्काम वाढवलात तर कार्ड पुन्हा लिहून घ्यावं लागतं, नाही तर जुन्या चेक-आउटच्या वेळेला ते मरतं. आणि दुसरं कार्ड देताना डेस्कवर ‘प्रत’ऐवजी ‘नवं’ निवडलं गेलं, तर ते दाराला लागल्याक्षणी पहिलं बाद होतं. सुरक्षेबद्दल एवढंच, की सॅफलॉक या प्रचंड वापरातल्या कुलपांतली मोठी त्रुटी संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केली. त्याआधी २०१२ मध्ये ऑनिटीच्या कुलपांबाबत आणि २०१८ मध्ये व्हिंगकार्डच्या जुन्या कुलपांबाबतही असंच झालं होतं. आत असताना दाराची साखळी किंवा आडवी कडी लावा, तिला कार्डाने उघडता येत नाही.

वाय-फायचं लॉगिन पान उघडत नसेल तर व्हीपीएन बंद करून पुन्हा जोडा, बहुतेक वेळा तिथेच अडतं. काही ठिकाणी राउटर कॉरिडॉरमध्ये असतो, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलापेक्षा दाराजवळ वेग जास्त मिळतो. न्याहारीच्या बुफेला कामाच्या दिवशी आठ ते नऊ आणि सुट्टीच्या दिवशी नऊ ते दहा ही झुंबड. उघडल्या उघडल्या गेलात तर ट्रेमधलं सगळं ताजं असतं, शेवटच्या अर्ध्या तासात तेच तासभर गरम ठेवलेलं. पैसे वेगळे लावत असतील तर मध्यवस्तीत न्याहारी बाहेर करणं जास्त चांगलं, दाराबाहेर पर्याय असतातच.

बुकिंग कुठून करावं? दरात फार फरक नसेल तर ब्रँडच्या स्वतःच्या साइटवरून. ही हॉटेलं शेवटच्या क्षणी रद्द होणाऱ्या बुकिंगचा अंदाज धरून खोल्या थोड्या जास्त विकतात. अंदाज चुकला की कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं. नंबर बहुधा लागतो तो एकाच रात्रीच्या, उशिरा येणाऱ्या, त्रयस्थ साइटवरून आलेल्या पाहुण्याचा. रात्री नऊनंतर पोचणार असाल तर दुपारीच फोन करून तसं सांगा. तरीही पाठवलंच, तर त्या रात्रीचं भाडं आणि टॅक्सीचा खर्च हॉटेलने करण्याची पद्धत आहे. तिथून निघण्याआधी तसं लेखी घ्या. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी पार्किंग ‘उपलब्ध’ आहे एवढ्यावर थांबू नये. ते कुठे, किती अंतरावर आणि तळघराच्या दाराची उंची किती, हे विचारावं. उंच गाडी कित्येक तळघरांत शिरतच नाही.

शेवटी पैशांचा हिशेब. चेक-इनला भाड्याशिवाय काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर मात्र तुमच्या खात्यातले पैसे खरोखर अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस जाऊ शकतात, म्हणून इथे डेबिट कार्ड देऊच नका. परदेशात मशीन दोन चलनं दाखवतं, तेव्हा त्या देशाचंच चलन निवडा. स्वतःच्या चलनाचा पर्याय घेतलात की दर मशीनवाला ठरवतो आणि तो महागात पडतो. चेक-आउटच्या आदल्या रात्री बिल ईमेलवर मागवून मिनीबार, पार्किंग आणि न्याहारीच्या ओळी तपासा, सकाळच्या रांगेत ते जमत नाही. बिल चेक-इनला दिलेल्याच कार्डाने भरा. दुसऱ्या कार्डाने किंवा रोख भरायचं असेल तर पहिल्या कार्डावरची अडकवलेली रक्कम तुमच्यासमोर सोडायला सांगा आणि तशी पावती घेऊनच काउंटर सोडा.